तुळईचा कंप आणि नगर जिल्हा

निजामशाहीचा दुसरा सुलतान बुऱ्हाण याच्या कारकीर्दीत, हिजरी ९५६ म्हणजे इसवी सन १५४९ या साली, महंमद बिन हसन रुमी नावाच्या तुर्की उस्तादाने अहमदनगरात जी अजस्र तोफ ओतली, ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात राहिली, १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली, आणि तेथील एका बुरुजावर ‘मलिक-ए-मैदान’ या नावाने ती आजही पडून आहे. विजापूरच्या दप्तरात निरुपयोगी सामान म्हणून तिची नोंद होऊन १८५४ साली इंग्रज अंमलदारांनी तिचा लिलावही पुकारला होता. बोली दीडशे रुपयांपर्यंत चढली, आणि मग कोणाला तरी या वस्तूच्या योग्यतेची जाणीव होऊन तो व्यवहार रद्द करण्यात आला. शत्रूचे हत्ती पळवून लावणाऱ्या या तोफेच्या कथा पुष्कळ आहेत. पण आपल्या विषयाला उपयोगी पडते ती तिची एक निरुपद्रवी लकब. तिच्या अंगावर टकोरा मारला असता ती घंटेसारखी घुमते. हिच्या धातूत सुमारे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील आहे, म्हणजे प्रमाण बरोबर घंटेचे आहे, तोफेचे नव्हे. तोफेसाठी युरोपातले ओतारी कथील दहा भागांच्या आसपासच ठेवीत, कारण कथील वाढले म्हणजे धातू कठीण व नादमय होतो, पण ठिसूळही होतो. रुमी उस्तादाने हे प्रमाण जाणूनबुजून घेतले की हाती आलेली भांडीकुंडी व मोडतोड भट्टीत घालताना ते तसे साधले, याचा निर्णय करण्याचे साधन आपल्यापाशी नाही. परंतु नगरच्या भूमीवर जड वस्तूच्या कंपाचा विचार करावयास बसलेल्या मनुष्याने प्रारंभ येथून केला, तर त्यास कोणी दोष देऊ नये.

तोफेची लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, व्यास सुमारे पाच फूट. म्हणजे लांबी जाडीच्या तिप्पटदेखील भरत नाही. ही गोष्ट वरकरणी क्षुल्लक दिसली, तरी गणिताच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास डॅनियल बर्नुली आणि लिओनार्ड ऑयलर या दोघा स्विस पंडितांनी वाकणाऱ्या व थरथरणाऱ्या दांड्याचे जे शास्त्र रचले, आणि जे आजही प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षास शिकविले जाते, त्याचे सर्व सौंदर्य एका गृहीतावर उभे आहे: तुळईचा कोणताही आडवा छेद वाकण्यापूर्वी जसा सपाट आणि अक्षाला काटकोनात असतो, तसाच तो वाकल्यानंतरही राहतो. सडपातळ दांड्यापुरते हे गृहीत इतके चोख ठरते, की दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि जाडीच्या दहापट लांब असलेल्या पोलादी तुळईच्या मूळ वारंवारतेत त्यामुळे येणारी चूक दोन टक्क्यांच्याही आत राहते. परंतु लांबी जाडीच्या तिप्पट झाली म्हणजे हीच चूक दहा टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडते, कारण अशा जाड तुळईत वाकण्याबरोबर थर एकमेकांवरून सरकण्याचाही भाग मोठा असतो. कात्रीने कागद कापताना पाती ज्या रीतीने एकमेकांवरून जातात, त्या रीतीच्या या विकृतीस आपल्याकडचे अभियंते कर्तन म्हणतात. जुन्या शास्त्राने कर्तनाकडे डोळेझाक केली होती.

ती डोळेझाक थांबविणारा मनुष्य म्हणजे स्टीफन टिमोशेंको. रशियन राज्यक्रांतीच्या वावटळीतून निसटून झाग्रेब येथे अध्यापन करीत असताना, १९२१ साली, त्याने लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये एक लहानसा निबंध छापून कर्तनाची दुरुस्ती कंपनाच्या समीकरणात घातली. त्यापूर्वी लॉर्ड रॅले याने छेदाच्या फिरण्यातील जडत्वाची दुरुस्ती सुचविली होती. टिमोशेंकोने दोन्ही एकत्र केल्या. मात्र त्याच्या पद्धतीत एक टोचणी उरलीच. कर्तनाचे प्रमाण तुळईच्या वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठापर्यंत सारखेच आहे असे त्यात मानावे लागते, वस्तुतः पृष्ठभागावर ते शून्य असते आणि मध्यावर सर्वाधिक. मग ही विसंगती झाकण्यासाठी आयताकृती छेदाला पाच-षष्ठांशाचा एक दुरुस्ती गुणक बाहेरून लावावा लागतो. शास्त्रात असा ठिगळ लावण्याचा प्रकार ज्यांना रुचला नाही, अशांनी पुढची साठ वर्षे निरनिराळे मार्ग धुंडाळले. तेलंगणातून अमेरिकेत जाऊन स्थिरावलेले जे. एन. रेड्डी यांनी १९८४ साली घन-घाताचे पद घेऊन पृष्ठभागावरचे कर्तन आपोआप शून्य होईल अशी योजना केली. कोणी त्याऐवजी त्रिकोणमितीतील ज्या वापरली, कोणी अतिपरवलयी फल, कोणी घातांकी फल. यांतून ‘परिष्कृत कर्तन-विकृती सिद्धांत’ या भारदस्त नावाखाली एक आख्खी वंशावळ तयार झाली, आणि या वंशावळीची मराठी शाखा आपल्याला गोदावरीच्या काठी घेऊन जाते.

पण तेथे पोचण्यापूर्वी साखरेचा थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे, कारण नगर जिल्ह्यात कोणतीही गोष्ट साखरेवाचून समजत नाही. इंग्रजी अमदानीत भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, त्याच्या आसपासच्या काळात प्रवरेचे आणि गोदावरीचे कालवे वाहू लागले, आणि दुष्काळाच्या या मुलुखात ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगातून लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे जिल्ह्यात कारखान्यामागून कारखाने झाले, आणि प्रत्येक कारखान्याच्या धुराड्याभोवती बँक, दवाखाना, दूधसंघ आणि शाळा असा एक नवा कसबा वसत गेला. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी लोणीस प्रवरेचे, आणि गोदावरीकाठच्या कोपरगावास शंकरराव कोल्हे यांच्या संजीवनी ग्रामीण शिक्षण संस्थेचे, अशी दोन अभियांत्रिकी महाविद्यालये एकट्या नगर जिल्ह्यात उघडली. या धोरणावर त्या काळी जी टीका झाली ती सर्वस्वी अनाठायी होती, असे म्हणण्यास मी तयार नाही. देणग्यांचा बाजार, अपुरी सामग्री आणि कारखान्याच्या राजकारणाची छाया यांचा अनुभव पुष्कळांच्या पदरी आला. तथापि ज्या तालुक्यातील मुलाला अभियंता होण्यासाठी पुण्यामुंबईच्या वसतिगृहाची वाट पाहावी लागे, त्या तालुक्यात स्थापत्यशास्त्राचा एक विभाग उभा राहिला, आणि त्या विभागात पुढे तुळयांचा विचार करणारी माणसे आली, हे टीकाकारांच्या हिशेबात धरलेले नव्हते.

योगायोग असा की त्याच १९८३ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात अहमद जमाल एरिन्जेन याने एक निबंध प्रसिद्ध केला. हाही तुर्कच, अनातोलियातील कायसेरी येथे १९२१ साली जन्मलेला. नगरच्या तोफेचा उस्ताद रुमी म्हणवीत होता, आणि रूम म्हणजे तीच तुर्कांची भूमी, तेव्हा दोघा तुर्कांमध्ये चारशे चौतीस वर्षांचे अंतर ठेवून हा विषय एकाच मुलखातल्या माणसांच्या हातांतून गेला, असे विनोदाने म्हणता येईल. याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये. एरिन्जेनचे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या स्थितिस्थापकशास्त्राप्रमाणे पदार्थातील एखाद्या बिंदूपाशी असलेला ताण केवळ त्याच बिंदूच्या विकृतीवर ठरतो. परंतु अणू एकमेकांवर दुरून बले लावतात, म्हणून कोपरगावच्या मळ्यातील विहिरीची पातळी जशी शेजारच्या विहिरींच्या उपशावरही अवलंबून असते, तसा एका बिंदूचा ताण त्याच्या आसपासच्या सर्व बिंदूंच्या विकृतीवर अवलंबून असला पाहिजे. हे परस्परावलंबित्व संकलनाच्या रूपात लिहिले, की समीकरणे सोडविणे दुर्घट होते. एरिन्जेनने त्याचे विकलन-रूपात सुटसुटीत रूपांतर करून दाखविले, आणि त्यात पदार्थाच्या आंतरिक लांबीचा एक अंक ठेवला. हा निबंध त्याने स्फटिकांतील दोष आणि पृष्ठभागावरच्या लाटा यांच्यासाठी लिहिला होता. तुळयांचा त्यात प्रश्नच नव्हता.

तुळया आल्या त्या जपानातून. १९९१ साली सुमिओ इइजिमा याने कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे गुंडाळून झालेल्या, काही नॅनोमीटर जाडीच्या या नळ्यांनी पदार्थविज्ञानात खळबळ उडविली. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा हिस्सा. त्यात कार्बनचे शेजारशेजारचे जेमतेम सात-आठ बंध एकापुढे एक मांडता येतील. एवढ्या लहान वस्तूचा ताठपणा मोजावा कसा? १९९६ साली ट्रीसी, एबेसेन आणि गिब्सन यांनी जी युक्ती योजिली ती मला या सबंध इतिहासातील अत्यंत देखणी वाटते. एका टोकाने पक्की बसलेली नळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता तिचे मोकळे टोक धूसर दिसे. दोष उपकरणाचा असावा असे वाटण्याजोगी ती धूसरता वस्तुतः उष्णतेने होणाऱ्या थरथरीची होती, आणि तापमान वाढविले की ती वाढत जाई. या धूसरतेची रुंदी मोजून, आणि बर्नुली-ऑयलरचे अडीचशे वर्षांचे जुने सूत्र त्याला लावून, त्यांनी यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचे माप, काढला: सरासरी १.८ टेरापास्कल, म्हणजे पोलादाच्या सुमारे नऊपट. निरनिराळ्या नळ्यांचे आकडे मात्र एकमेकांपासून फार दूर पडले. तीन वर्षांनी अमेरिकेच्या जॉर्जियातील पाँशराल आणि त्याच्या सोबत्यांनी नळीला बदलता विद्युतदाब देऊन तिला अनुनादात आणले. नळीच्या टोकाला चिकटलेला कार्बनचा कण, सुमारे २२ फेम्टोग्रॅम वजनाचा, वारंवारतेच्या घटीवरून त्यांनी तोलून दाखविला. त्याच प्रयोगात असेही दिसले की नळी जाड होत गेली तसतसा तिचा भासमान ताठपणा एक टेरापास्कलवरून त्याच्या दशांशापर्यंत घसरतो, कारण जाड नळी वाकताना आतल्या बाजूने तिच्या भिंतीवर सुरकुत्या पडतात. जाड तुळई जुन्या सूत्राला दाद देत नाही, हा तोफेच्या आकारावरून निघणारा धडा येथे वेगळ्या कारणाने, पण तितक्याच स्पष्टपणे, पुन्हा मिळाला.

यापुढची प्रगती वेगाने झाली. २००४ साली कॉर्नेल विद्यापीठात खंदकावर ताणलेल्या नळीची वारंवारता विद्युतदाबाने हवी तशी खालीवर करता येऊ लागली. २०१२ साली बार्सिलोनात सेकंदाला सुमारे दोनशे कोटी वेळा कंप पावणाऱ्या नळीने १.७ योक्टोग्रॅम, म्हणजे एका प्रोटॉनएवढे वस्तुमान, ओळखले. आकार जितका लहान तितका कंप द्रुत, हा नियम तोफेपासून नळीपर्यंत अखंड आहे. सर्व मापे सारख्या प्रमाणात घटविली तर वारंवारता त्याच प्रमाणात वाढते, आणि वजनाचा काटा म्हणून या वस्तूंची जी किंमत आहे ती सर्वस्वी या नियमातून येते. आपल्याकडे हे काम मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेत झाले. इंडियम आर्सेनाइडच्या सूक्ष्म तारा आणि ग्राफिनचे एकाच अणूइतके जाड पापुद्रे दोन धातूच्या कठड्यांमध्ये टांगून त्यांचा कंप त्यांच्या चमूने अतिशीत तापमानापर्यंत मोजला. आणि २०१० साली ग्राफिनच्या अनुनादकाची वारंवारता थंडीत कशी चढते यावरून असे दाखविले, की खोलीच्या तापमानापासून उणे दोनशे त्रेचाळीस अंश सेल्सियसपर्यंत ग्राफिन थंड होताना आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावते. २०१५ चे भटनागर पारितोषिक देशमुख यांना मिळाले. द्रवरूप हेलियम, सोन्याचे विद्युतदंड, धूलिमुक्त कक्ष, इलेक्ट्रॉनच्या शलाकेने कोरण्याची यंत्रे: हा सरंजाम कोपरगावला मिळण्याजोगा नव्हता, आणि मिळाला असता तरी त्याची देखभाल कारखान्याच्या वर्कशॉपकडून झाली नसती.

परंतु गणितास सरंजाम लागत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. पी. शिंपी आणि युवराज घुगल यांनी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्रिकोणमितीय फलाचा आधार घेऊन थरांच्या तुळयांवर निबंध लिहिले, आणि २००१ साली दोघांनी मिळून तुळयांच्या परिष्कृत सिद्धांतांचा जो आढावा प्रसिद्ध केला, तो या विषयात शिरणाऱ्या नवख्याला आजही हाती दिला जातो. घुगल पुढे औरंगाबादच्या आणि नंतर कऱ्हाडच्या शासकीय महाविद्यालयात अध्यापनास गेले. कऱ्हाडपासून कोयनेचे धरण दूर नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्या धरणाच्या भिंतीवर, जेथे तिचा मागचा उतार बदलतो त्या उंचीच्या आसपास, भेगा पडल्या होत्या, आणि कंप पावणारी जाड वस्तू नेमकी कोठे दगा देते याचे ते आपल्या राज्यातले सर्वांत महागडे प्रात्यक्षिक होते. कोपरगावच्या महाविद्यालयातील स्थापत्य विभागाचे आत्तेशामुद्दीन सय्यद यांनी घुगल यांच्या सहकार्याने परिष्कृत सिद्धांतांची ही परंपरा पुढे चालविली. २०११ साली सय्यद यांनी जाड तुळयांच्या वाकण्याच्या व मुक्त कंपनाच्या निरनिराळ्या सिद्धांतांना एकाच मापात बसवून, कोणता सिद्धांत नेमके उत्तर देतो आणि कोणता कोठे चुकतो, याची तुलना छापली. छापणारे नियतकालिक पिल्झनचे, म्हणजे ज्या चेक नगरात स्कोडाचे तोफांचे कारखाने होते तेथले. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून घातांकी फलाचा सिद्धांत जाड पत्र्यांना लावला. २०१५ आणि २०१७ साली ‘कंपोझिट स्ट्रक्चर्स’मध्ये थरांच्या पत्र्यांवर आणि तुळयांवर आलेले त्यांचे दोन दीर्घ आढावे वाचले म्हणजे, जगभर विखुरलेले एवढे निबंध तालुक्याच्या गावी बसून कोणी एकेक करून चाळले असतील, या कल्पनेनेच वाचक थबकतो. आढावा लिहिणे हे प्रतिभेपेक्षा निष्ठेचे काम आहे, आणि आपल्या विद्वत्परंपरेत या निष्ठेचे दाखले कमी आढळतात असे माझे मत आहे.

आणि मग नळ्यांचा नंबर आला. एरिन्जेनची कल्पना सूक्ष्म तुळयांस लावण्याची चाल २००३ साली पेडिसन आणि त्याच्या सोबत्यांनी पाडली होती. २००७ साली रेड्डी यांनी ती ऑयलर, टिमोशेंको आणि स्वतःच्या सिद्धांतावर एकदमच बसवून दाखविली. २०२० साली सय्यद आणि घुगल यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय, जिचा पदार्थ जाडीच्या दिशेने हळूहळू बदलत जातो अशा अब्जांश मापाच्या तुळईचे वाकणे, पिचणे आणि मुक्त कंपन. आंतरिक लांबीच्या अंकाचा परिणाम समजून घ्यावयाचा, तर एक साधा हिशेब पुरे. दोन्ही टोकांना टेकलेल्या, १० नॅनोमीटर लांबीच्या तुळईत हा अंक १ नॅनोमीटर धरला, तर मूळ कंपाची वारंवारता जुन्या शास्त्रापेक्षा सुमारे साडेचार टक्क्यांनी उतरते, आणि तिसऱ्या कंपाची सत्तावीस टक्क्यांनी. तीच तुळई १०० नॅनोमीटर लांब असली, तर मूळ कंपातला फरक टक्क्याच्या विसाव्या हिश्शाएवढा उरतो. छोट्या तुळईच्या उच्च कंपांत लाटेची लांबी आखूड असते, म्हणून कर्तनाचा हिस्साही तेथेच वाढतो. ज्या दुरुस्त्या पुलाच्या तुळईत केसभर वाटाव्यात, त्या येथे मुख्य रकमेच्या शेजारी जाऊन बसतात. जाड तुळयांवर उमेदवारी केलेल्या माणसांस हे क्षेत्र परके वाटले नसावे, याचे कारण बहुधा हेच.

या शाखेत मात्र एक घरचे भांडण चालू आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. विकलन-रूप वापरले असता एका टोकाने पक्की बसविलेल्या तुळईच्या मोकळ्या टोकावर वजन ठेवले, तर आंतरिक लांबीचा काहीच परिणाम दिसत नाही. आणि तिचा मूळ कंप, इतर सर्व कंप मंदावत असताना, उलट द्रुत होतो. पेडिसनच्या निबंधातच यातला पहिला प्रकार दिसला होता. २००८ साली शालामेल आणि वांग यांनी या विरोधाभासाची एक उकल सुचविली. २०१७ साली रोमानो, बारेत्ता आणि इतर इटालियन पंडितांनी असे प्रतिपादन केले, की मूळ संकलन-रूप आणि त्याचे विकलन-रूप एकच ठरण्यासाठी टोकांपाशी ज्या जादा अटी पाळाव्या लागतात, त्या समतोलाच्या अटींशी जुळतच नाहीत, आणि म्हणून सर्वसाधारण तुळईसाठी मूळ समस्येलाच उत्तर नाही. टेकलेल्या टोकांच्या तुळयांवर काम करणाऱ्यांना हा तंटा प्रत्यक्ष हिशेबात फारसा आडवा आला नाही. पण प्रयोगशाळेतल्या पुष्कळ नळ्या एका टोकाने पक्क्या बसलेल्या असतात.

त्याहून कठीण प्रश्न आंतरिक लांबीच्या त्या अंकाचा. एरिन्जेनने अणूंच्या जाळीतील लाटांशी मेळ घालून त्या अंकातील गुणकाची किंमत ०.३९ काढली होती. कार्बनच्या बंधाची लांबी ०.१४२ नॅनोमीटर धरली, तर दोहोंचा गुणाकार, म्हणजेच तो अंक, ०.०५५ नॅनोमीटरच भरतो, आणि दहा नॅनोमीटरच्या तुळईच्या मूळ कंपातला फरक टक्क्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाही राहत नाही. या विषयावरच्या बहुतेक निबंधांत तो अंक शून्यापासून दोन नॅनोमीटरपर्यंत चढत्या क्रमाने घेऊन कोष्टके मांडलेली असतात. त्यांतील कोणती ओळ खऱ्या नळीची, हे ठरविण्याइतके निर्विवाद मोजमाप अद्याप कोणी केलेले नाही, आणि नळी जितकी आखूड करावी तितके तिचे टोक खरोखर पक्के बसले आहे की नाही याचीच शंका मोजणाऱ्याला अधिक सतावते.